सडासंमार्जन : एका जोडशब्दाची साक्ष

केरसुणी फार काळ टिकत नाही. शिंदीची पाने झिजतात आणि अखेर मातीस मिळतात. त्यामुळे झाडलोटीचा इतिहास अवशेषांपेक्षा शब्दांतच शोधावा लागतो. या दृष्टीने वऱ्हाडातील रिद्धपूरशी निगडित असलेले महानुभाव वाङ्मय महत्त्वाचे ठरते.

१३ व्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त ‘सडासंमार्जन’ हा शब्द येतो. अंगण झाडावयाचे, शेण कालवलेले पाणी शिंपडून धूळ बसवावयाची, आणि मग रांगोळी घालावयाची, असा हा क्रम होय. ‘सडा’ हा घरगुती बोलीतील शब्द. ‘संमार्जन’ हा संस्कृत ‘मृज्’ धातूपासून झालेला. अंग चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या ‘मार्जारा’चे, म्हणजेच मराठी ‘मांजरा’चे, नावही याच धातूचे.

संस्कृतात ग्रंथ रचू इच्छिणाऱ्या केशिराजांना नागदेवाचार्यांनी म्हाताऱ्या बायकांची अडचण दाखवून रोखले, हे ‘स्मृतिस्थळा’वरून प्रसिद्ध आहे. ज्यांच्या हाती केरसुणी होती, त्यांना समजेल अशीच भाषा ग्रंथासाठी स्वीकारली गेली. म्हणूनच, शिलालेखांनी सहसा दखल न घेतलेले हे नित्याचे श्रम मराठी गद्याच्या आरंभीच नोंदले गेले, असे म्हणता येते.