भोंगा आणि कालयंत्र

चित्रपटाचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे. प्रेक्षकाचा इतिहास लिहिणे अवघड. चित्रपट कोणी काढला, त्याला कोणते पारितोषिक मिळाले, याच्या नोंदी राहतात. समीक्षकांचे लेख कात्रणांत राहतात. पण अंधारात बसलेल्या माणसाने कोणत्या क्षणी मान वर केली आणि घरी जाताना तो काय बोलला, हे बहुधा त्याच्याबरोबरच जाते. एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ या कादंबरीवर १९६० साली निघालेल्या चित्रपटाच्या मागे मी बरीच वर्षे आहे, तो यासाठीच. त्यातला एक आवाज वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळा ऐकू आला, आणि त्या प्रेक्षकांपैकी एक माझ्या घरातला होता.

आधी कादंबरी. १८९५ साली ती पुस्तकरूपाने आली तेव्हा वेल्स अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांची आई ससेक्समधल्या ‘अपार्क’ या बड्या वाड्यात नोकरांवर देखरेख करणारी. त्या वाड्याची स्वयंपाकघरे आणि कोठ्या भुयारांनी जोडलेल्या होत्या. वरच्या लोकांचे सुख खालच्या लोकांच्या ये-जा करण्यावर चाले. वेल्स स्वतः पोरवयात कापडाच्या दुकानात उमेदवारी करून आलेले. त्यांचा कालप्रवासी इसवी सन ८,०२,७०१ मध्ये पोचतो तेव्हा माणसाच्या दोन जाती झालेल्या असतात. वर उन्हात फळे खाऊन खेळणारे नाजूक इलॉय, खाली अंधारात यंत्रे चालवणारे मॉरलॉक. श्रीमंतांची आणि कामगारांची ताटातूट लाखो वर्षे तशीच चालू राहिली, तर तिचे टोक हे, असा प्रवाशाचा तर्क आहे. खालचे वरच्यांना पोसतात आणि रात्री वर येऊन त्यांनाच खातात. मूळ भीती वर्गाची होती.

पासष्ट वर्षांनी हंगेरीत जन्मलेले निर्माते-दिग्दर्शक जॉर्ज पाल यांनी हॉलिवूडमध्ये यावर चित्रपट केला. नायक रॉड टेलर, इलॉय मुलगी वीना झालेली इव्हेट मिम्यू. काळ धावू लागतो तेव्हा समोरच्या दुकानातल्या पुतळ्याचे कपडे भराभर बदलतात, मेणबत्ती वितळून जाते, सूर्य आकाशातून पळतो. या करामतींना ऑस्कर मिळाले. पण मला महत्त्वाचा वाटतो तो कथेतला एक बदल. कादंबरीतला प्रवासी थेट दूरच्या भविष्यात जातो. चित्रपटातला नायक वाटेत तीनदा थांबतो : १९१७, १९४० आणि १९६६. तिन्ही थांब्यांवर युद्ध आहे. १९६६ मध्ये तर रस्त्यावर भोंगा वाजतो, माणसे तळघरांकडे धावतात आणि आकाशातून अणुहल्ला होतो.

हा चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्यांच्या दृष्टीने १९६६ हे साल अवघे सहा वर्षे पुढचे होते. अमेरिकेतली शाळकरी मुले बाकाखाली लपण्याचा सराव करत होती. लंडनच्या प्रेक्षकाला तर भोंगा शिकवायची गरजच नव्हती. चित्रपटातला १९४० चा थांबा जूनमधला आहे आणि लंडनवरची सलग बॉम्बफेक सुरू झाली सप्टेंबरात. पण तो आवाज ऐकल्यावर तारखेचा हिशेब कोण करणार?

पुढे ८,०२,७०१ मध्ये तोच भोंगा पुन्हा वाजतो, आणि हा प्रसंग कादंबरीत नाही. आवाज सुरू होताच इलॉय भारल्यासारखे होतात, हातातले सोडून देतात आणि एकामागे एक मॉरलॉकांच्या दाराकडे चालू लागतात. हवी तेवढी माणसे आत गेली की दार मिटते, भोंगा थांबतो आणि उरलेले निमूट परत फिरतात. धोका टळला एवढेच त्यांना कळते. पिढ्यान्‌पिढ्या भोंगा झाला की तळघर गाठायचे, ही सवय मागे राहिली. कारण विसरले गेले. वेल्स यांनी वर्गाची गोष्ट सांगितली होती; पाल यांनी तिची बॉम्बची गोष्ट केली.

प्रत्येक पिढी या कथेत आपलीच भीती घेऊन शिरते, याचा आणखी एक दाखला २००२ च्या चित्रपटात मिळतो. तो वेल्स यांचे पणतू सायमन वेल्स यांनी केला. त्यातला नायक मेलेल्या वाग्दत्त वधूला वाचवायला मागे जातो आणि ती पुन्हा दुसऱ्याच कारणाने मरते. इथे ना वर्ग, ना युद्ध. एकट्याचे दुःख आहे. तरीही ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कवर चंद्राचे तुकडे कोसळण्याचे दृश्य गाळले गेले आणि प्रदर्शन पुढल्या मार्चवर गेले. प्रेक्षक काय घेऊन बसणार आहे, हे या वेळी निर्मात्यांनीच आधी ओळखले.

आता माझ्या घरातला प्रेक्षक. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. परत आत गेले नाहीत. संपानंतर तिसऱ्या वर्षी गणपतीत चाळीने टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. रात्री दोन हिंदी पिक्चर झाल्यावर, माझ्या हट्टाखातर, ही इंग्रजी कॅसेट लागली. अर्धी चाळ झोपायला गेली. वडील बसून राहिले. मी जमेल तसे मराठीत सांगत होतो.

१९६६ च्या अणुहल्ल्यावर त्यांनी काहीच म्हटले नाही. ते साल आमच्यासाठी केव्हाच होऊन गेले होते. एकाहत्तरच्या युद्धातला काळोख आणि सायरन त्यांना आठवत होता. त्याचीही त्यांनी आठवण काढली नाही. पण इलॉय रांगेने चालू लागले तेव्हा ते सावरून बसले.

“हा तर पाळीचा भोंगा,” ते म्हणाले. “असेच जायचो आम्ही. डोळ्यांवर झोप, हातात डबा.”

मग थोड्या वेळाने विचारले, “खाली यंत्रं चालवणारे ते काळोखातले, ते कोण?”

मी कादंबरीतला अर्थ सांगितला : ते कामगार.

“आणि भोंग्यामागं जाणारे मालक? असं कुठं असतं? भोंग्यामागं जाणारेही आम्हीच, आणि खाली यंत्रावर उभे राहणारेही आम्हीच.”

पुढे ग्रंथालयांत बसून मी जे वाचले, त्यात हे वाक्य मला कुठे भेटले नाही. चित्रपटाने कादंबरीतला वर्ग काढून तिथे भोंगा ठेवला होता. गिरणगावातल्या एका माणसाने त्याच भोंग्यावरून वर्ग परत आणला, आणि आणताना वेल्स यांच्या मांडणीतही दुरुस्ती सुचवली. भोंगा देणारा तिसरा कोणी असतो, आणि तो वरही दिसत नाही, खालीही दिसत नाही.

चित्रपटाच्या शेवटी नायक आपल्या कपाटातली तीन पुस्तके घेऊन पुन्हा इलॉयांकडे निघून जातो. कोणती, ते कळत नाही. तुम्ही कोणती नेली असती, हा प्रश्न त्याचा मित्र घरच्या बाईला विचारतो आणि गोष्ट संपते. चित्रपट पाहून उठलेली माणसे तेव्हापासून त्याचे उत्तर देत आली आहेत. मीही त्या रात्री वडिलांना विचारले.

“ज्ञानेश्वरी,” ते म्हणाले. “गाथा.” मग थांबले.

“आणि तिसरं?”

“तिसरी जागा राहू दे. तिथल्या लोकांना काय लागतंय ते आधी विचारायला नको का?”

एवढे बोलून ते सतरंजी गुंडाळायला उठले. कॅसेट सकाळी परत करायची होती.