शारीरिक क्षमता चाचणी : प्रयोगशाळेत आणि गावच्या मैदानावर

खेळाडू असो वा नुकताच धावू लागलेला तरुण, आपल्या शरीराची क्षमता किती आहे, हे मोजल्याखेरीज सरावाला दिशा मिळत नाही. प्राचीन मंदिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावात पोलिस भरतीची तयारी करणाऱ्यासाठी तर हा नोकरीचा प्रश्न ठरतो. पोलिस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. पुरुषांना १,६०० मीटर धावण्यासाठी २०, तर १०० मीटर धावणे व गोळाफेक यांसाठी प्रत्येकी १५ गुण आहेत. महिलांना १,६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते. किमान निम्मे गुण न मिळाल्यास लेखी परीक्षेचे दार बंद होते.

प्रयोगशाळेतील चाचणी
अद्ययावत केंद्रात खेळाडूला ट्रेडमिलवर धावते ठेवून, तोंडावर मुखवटा लावून श्वासातील वायूंचे मापन करतात. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे त्यातून कळते. मात्र अशा सोयी प्रामुख्याने पुण्या-मुंबईसारख्या महानगरांतच आढळतात.

मैदानावरील पर्याय
अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये १२ मिनिटांच्या धावेची चाचणी मांडली. १२ मिनिटांत कापलेल्या अंतरातून (मीटरमध्ये) ५०४.९ वजा करून बाकीला ४४.७३ ने भागले, की प्राणवायू वापराचा अंदाज मिळतो. २,४०० मीटर धावणाऱ्याचा आकडा सुमारे ४२ येतो, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ४२ मिलिलिटर. आखलेले मैदान आणि घड्याळ एवढेच साहित्य त्यासाठी पुरते.

राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलांची निवडही अशाच साध्या चाचण्यांतून होते. उंची, वजन, ३० मीटर व ८०० मीटर धावणे, ६ बाय १० मीटर शटल रन, उभ्याने लांब व उंच उडी, मेडिसिन बॉल फेक आणि लवचिकता यांचा त्यात समावेश आहे.

चाचणी कशी घ्यावी?
* वेग व उडीच्या चाचण्या आधी, दमाची चाचणी शेवटी घ्यावी.
* मैदान, वेळ व बूट दर वेळी तेच असावेत. अन्यथा तुलना निरर्थक ठरते.
* सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करून वहीत नोंद ठेवावी.
* मराठवाड्यातील उन्हाळ्यात पहाटेची वेळ निवडावी.

नवशिक्यांसाठी दक्षता
छातीत दुखणे, भोवळ, दमा अथवा घरात कमी वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लवकर धाप लागत असल्यास हिमोग्लोबिन तपासून घ्यावे; रक्तक्षय हे त्यामागचे कारण असू शकते. पहिल्याच दिवशी जीव तोडून धावणे टाळावे. काही आठवडे चालणे व हलके धावणे झाल्यावरच चाचणी द्यावी.

बीड जिल्ह्यातील मांडवा या खेड्यातून आलेल्या अविनाश साबळेने २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक जिंकले. सैन्यात दाखल झाल्यानंतर तो धावपटू म्हणून घडला. गुण ओळखण्यासाठी भरतीच्या दिवसाची वाट पाहण्याची गरज मात्र नाही. ते काम शाळेच्या मैदानावरही सुरू होऊ शकते.