न बुडणारा संघ बुडाला त्याची गोष्ट

मंडळी, फुटबॉलवर लिहितोय म्हटल्यावर आमच्या घरचेच आधी हसणार. नंदुरबारच्या माणसाला मुंबईच्या फुटबॉल क्लबशी काय करायचंय? खरं सांगायचं तर मी या गोष्टीकडे वळलो तो एका आकड्यामुळे. २०११च्या जनगणनेत आपल्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या होती साधारण साडेसोळा लाख, आणि अख्ख्या मिझोराम राज्याची अकरा लाखांच्या आत. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यापेक्षा लहान राज्य. आपल्यासारखंच आदिवासीबहुल, डोंगराळ, आणि मोठ्या शहरांच्या खिजगणतीत नसलेलं. त्या राज्यातला ऐझॉल एफसी हा क्लब २०१७ साली भारताचा विजेता झाला. आणि त्याच मोसमात मुंबईचा क्लब तळाला गेला. दोन्हींच्या मध्ये एकच माणूस उभा होता.

तो माणूस खालिद जमील. जन्म कुवेतचा, १९७७चा. महिंद्रा युनायटेडकडून आणि एअर इंडियाकडून खेळला. २००७ साली एस्सेल समूहाने मुंबई एफसी काढला तेव्हा तो तिथे आला. दुखापतींनी खेळ लवकर संपवला आणि २००९ मध्ये तो त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. पुढची सात वर्षं तोच.

या सात वर्षांत मुंबई एफसीने काय जिंकलं? काही नाही. पण क्लब एकदाही खालच्या विभागात घसरला नाही. पैसा बेताचा. मध्यंतरी कूपरेजचं मैदान दुरुस्तीत होतं म्हणून घरचे सामने पुण्याला बालेवाडीत जाऊन खेळायचे. घरचे सामने, आणि ते पुण्यात! तरी दरवर्षी मोसम संपताना संघ जागच्या जागी. खेळ मात्र बघवत नसे, हे मीही कबूल करतो. सगळे मागे, गोलासमोर भिंत, मग लांब फटका, आणि मिळाला एक गुण तर देवाची कृपा. टीव्हीवर त्यांचा सामना लागला की मीसुद्धा चॅनल बदललाय.

२०१५-१६च्या मोसमात हा संघ नऊ संघांत पाचवा आला. त्यानंतर क्लबने खालिदला निरोप दिला.

क्लबवाल्यांना सरळ मूर्ख म्हणावं असं मला वाटत नाही. आयएसएल सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मुंबई सिटीकडे आनेल्कासारखी नावं येऊन गेली होती आणि त्या झगमगाटापुढे पाचवा क्रमांक कुणाच्या डोळ्यांत भरणार? 'घसरलो नाही' हे यश जाहिरातीत सांगता येत नाही. नवीन माणूस आणावा, जरा बरा खेळ दिसावा, ही इच्छा चूक नव्हे. संतोष कश्यप आले तेही नवखे नव्हते. एअर इंडिया, मोहन बागान, साळगावकर असे मोठे संघ त्यांनी सांभाळले होते.

सुरुवातही बरी झाली. पहिले दोन सामने जिंकले. मग विजय जो थांबला तो थांबलाच. पराभव, बरोबरी, पुन्हा पराभव. कूपरेजवर घरच्याच प्रेक्षकांचा राग प्रशिक्षकावर निघू लागला आणि मोसम अर्ध्यावर असताना कश्यप पायउतार झाले. त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन आले, पण तोवर गाडी घाटाच्या उताराला लागली होती. दहा संघांत मुंबई एफसी दहावा.

आता ऐझॉलकडे बघा. २०१६ साली ऐझॉल रेलिगेट झाला होता. म्हणजे बाहेरच. पण साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या क्लबांनी फेडरेशनच्या नव्या आराखड्यावर रागावून लीग सोडली आणि मोकळ्या जागेत ऐझॉलला परत घेतलं. (गोव्याच्या रागाची गोष्ट स्वतंत्र आहे, पुन्हा कधीतरी.) नोकरी गेलेला प्रशिक्षक आणि लीगमधून गेलेला संघ, असे दोघे एकमेकांना मिळाले. खालिदने बरोबर मुंबई एफसीत खेळून गेलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता नेले. बाकी बरीचशी मिझो पोरं, आणि मधल्या फळीत सीरियाचा अल अमना.

२२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० हरवलं. गोल झोमिंगलियाना राल्टेचा, सामना संपायला सात मिनिटं असताना. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एक गुण पुरेसा होता. आधी गोल खाल्ला, मग विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, १-१. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय विजेता. आणि शेवटच्या दिवशी कामी आली ती बरोबरीच, जिच्यासाठी मुंबईत खालिदला नावं ठेवली जायची!

पण मला खरी टोचणी लावते ती या पुढची गोष्ट. मुंबई एफसी खालच्या विभागात उतरून परत चढायचा प्रयत्न करेल असं वाटलं होतं. क्लबने गाशाच गुंडाळला. त्याआधी २०१० मध्ये महिंद्राने आपला संघ बंद केला होता, तोही २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला. पिवळा शर्ट घालून कूपरेजवर घसा फोडणाऱ्या पोरांनी नंतर काय केलं असेल, कोण जाणे.

खालिद पुढे ईस्ट बंगाल, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर असा फिरला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

आणि २०१६-१७च्या त्या तक्त्यात मुंबईच्या बरोब्बर वर, नवव्या जागी, पंजाबचा मिनर्व्हा होता. पुढच्याच मोसमात, २०१७-१८ साली, मिनर्व्हाने लीग जिंकली.