थ्री-नॉट-थ्री आणि आठवणींचा ठेवा

मलकपेठेतल्या आमच्या घरापासून फ्रेंच सेनानी रेमंडची कबर फार लांब नाही. 1798 साली तो वारला, तेव्हा निजामाच्या पलटणींच्या हाती ठासणीच्या बंदुका होत्या. दीडशे वर्षांनी, सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईत, पुष्कळशा रझाकारांकडे तसलीच हत्यारे होती. भारतीय जवानाजवळ मात्र .303 ली-एनफील्ड. बोल्ट मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर, पुढे लोटला की नवे नळीत. पेटीत 10 काडतुसे. एक ठासणी भरेपर्यंत तिचे पाच-सहा बार सहज होत.

परदेशात अशा जुन्या रायफली हौसेने जमवतात. आपल्या शस्त्र कायद्यात .303 निषिद्ध बोअरची, त्यामुळे सामान्य माणसाला ती वाट बंदच. मग जमवायच्या त्या आठवणी. रझाकारांचा जुलूम सोसलेली घरे आणि कारवाईनंतर सूडाला बळी पडलेली मुसलमान घरे, दोन्हींतले साक्षीदार आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बंदूक कोणाच्या हाती होती आणि कोणावर रोखलेली होती, हे मराठी, उर्दू, तेलुगू, ज्या भाषेत ते सांगतील त्या भाषेत या दिवाळीत लिहून घेऊ या.