तीन नावे, एकच मासा

आज खोल समुद्रातल्या तीन माशांची गोष्ट सांगतो. ग्रंथांत ही तीन वेगवेगळी कुळं म्हणून कितीतरी वर्षं नांदली.

पहिलं कूळ १८९५ सालचं. गुड आणि बीन या दोन अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञांनी एका माशाचं वर्णन केलं. घडण देवमाशासारखी, म्हणून त्याला 'देवमाशाची नक्कल करणारा' अशा अर्थाचं ग्रीक नाव मिळालं. हा राहतो हजार मीटरच्या खाली, मिट्ट काळोखात. तोंड प्रचंड, डोळे असून नसल्यासारखे, अंगावर खवले नाहीत. मात्र दोन्ही कुशींवर मोठ्या छिद्रांची एक रेषा असते. पाण्यातली हालचाल त्याला या रेषेनं कळते.

दुसरं कूळ १९५६ सालचं, बर्टेलसन आणि मार्शल यांनी मांडलेलं. हे मासे इवलेसे. तोंड वर वळलेलं, काहींच्या शेपटीला लांबलचक फीत. ते सापडायचे वरच्या २०० मीटर पाण्यात. तिसरं कूळ १९६६ सालचं, मायर्स आणि फ्रायहोफर यांचं. हे मासेही लहानच; पण नाक भलंमोठं आणि जबडे जवळजवळ निकामी.

आता गंमत बघा. पहिल्या कुळातले पूर्ण वाढलेले सगळे मासे माद्या. दुसऱ्यातली सगळी पिल्लं. तिसऱ्यातले सगळे नर! म्हणजे एका घरात फक्त बायका, दुसऱ्यात फक्त पोरं, तिसऱ्यात फक्त पुरुष. तरी ही घरं एकच असतील, असं सहजी कुणाला वाटलं नाही. रूपं इतकी वेगळी, की वाटावं तरी कसं?

२००३ साली जपानचे मासाकी मिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फीतवाल्या पिल्लाची आणि काळोखातल्या मादीची जनुकं जवळजवळ सारखी निघाली. पुढे रूप बदलत असतानाचे नमुनेही हाती लागले. अमेरिकेचे डेव्हिड जॉन्सन, ऑस्ट्रेलियाचे जॉन पॅक्स्टन, मिया आणि इतरांनी २००९ साली जाहीर केलं, की ही तीन कुळं नाहीत, एकच आहे.

पिल्लू वरच्या पाण्यात कोपेपॉड नावाचे बारीक जीव पोटभर खातं. नर झालं, की त्याची अन्ननलिका आणि जठर नाहीसं होतं. त्यानंतर तो काहीच खात नाही. पूर्वी खाल्लेल्यावर पोसलेलं मोठं यकृत हीच त्याची शिदोरी. मोठं नाक बहुधा काळोखात मादीचा माग काढायला. मादीचं मात्र तोंड वाढतं. ती शिकार करत जगते.

या शास्त्रज्ञांना हसू नये. जाळ्यात जे आलं, ते त्यांनी प्रामाणिकपणे मोजलं, लिहिलं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं आणि गावात नुसतीच 'अमक्याची आई', अशा कितीतरी बाया आहेत. कागद चाळणाऱ्याला त्या तीन वाटतील. त्याला दोष कसा द्यावा? पण कागदापाशी थांबलं, तर माणूस हातचा निसटतो.

संग्रहालयांतल्या बाटल्यांत हे मासे कधीपासून होतेच. वेगळाल्या फळ्यांवर ठेवलेली आई, बाप आणि लेकरू शेवटी एका नावाखाली आली.