सोळा पायऱ्यांचा घाट

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. येथील गव्हर्नमेंट हाउस अठराव्या शतकात फ्रेंचांनी उभारले. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले आणि त्याच वास्तूतून त्यांचे गव्हर्नर कारभार पाहू लागले. आजही ती दिमाखात उभी आहे. समोर व्हिक्टोरिया राणीचा पुतळा.

बेटाचे भवितव्य मात्र ठरले ते जवळच, बंदरालगतच्या साध्या दगडी डेपोत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण उसाच्या मळ्यांना माणसे हवीच होती. करारबद्ध हिंदी मजुरांची आवक १८३४ पासूनच सुरू झाली होती. त्यांच्यासाठी १८४९ मध्ये हा डेपो बांधण्यात आला. सोळा पायऱ्या चढायच्या, नोंद करायची, एक-दोन दिवस थांबायचे आणि मळ्याची वाट धरायची. १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे बेटावर उतरली. मुंबईहून सुटलेल्या जहाजांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ती उगाच नव्हे.

गव्हर्नरांची वास्तू जपली गेली; मजुरांच्या डेपोचा जेमतेम १५ टक्के भाग उरला. दवाखान्याच्या काही खोल्या, स्वयंपाकघराचे अवशेष, शौचालये आणि त्या पायऱ्या. पूर्वी या जागेला ‘कुली घाट’ म्हणत. १९८७ मध्ये तिचे नाव ‘आप्रवासी घाट’ झाले आणि २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत स्थान दिले.