एकाच आराखडाकाराच्या दोन नावा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत काचतंतूच्या, म्हणजे राळेत भिजवलेल्या काचेच्या धाग्यांच्या नावा साच्यातून निघू लागल्या आणि कुटुंबाला परवडणारी मोटरबोट लांबी, आसने व इंजिन यांत एकसारखी दिसू लागली. खरा भेद पाण्याखाली, तळाच्या आकारात होता. या भेदाची दोन्ही टोके रे हंट या एकाच आराखडाकाराकडे पोचतात, हे या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण होय. 1958 मध्ये आलेली सुमारे 13 फुटी ‘बोस्टन व्हेलर’ रुंद, उथळ तळाची होती. तिच्या दोन कवचांमध्ये फेस भरलेला असल्याने ती बुडत नसे, आणि 1961 मध्ये ‘लाइफ’ मासिकाने निर्माते डिक फिशर यांना करवतीने कापलेल्या अर्ध्या नावेतून प्रवास करताना दाखवले. याउलट हंट यांचा ‘खोल व्ही’ तळ, म्हणजे मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे 24 अंशांनी चढत मागच्या टोकापर्यंत तसाच राहणारा तळ, लाटा फोडत जाई. त्याच्याच बळावर रिचर्ड बर्ट्रम यांच्या ‘मॉपी’ने 1960 ची मायामी-नॅसॉ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली. मात्र अशी नाव उभी असताना अधिक डुलते आणि तिला जास्त अश्वशक्ती लागते. म्हणून मुले काठाशी झुकून मासे धरणार असतील तर उथळ तळ, आणि उघड्या समुद्रावर जायचे असेल तर खोल तळ घेणेच शहाणपणाचे होते. पुढे खुद्द व्हेलरनेही व्ही तळ स्वीकारला.